हक्कसोड कोणी करायची?

“ख्रिस्ती होऊन या लोकांना मिळालं काय?” आमच्या भागात हा प्रश्न हल्ली पानटपरीपासून जाहीर सभेपर्यंत कुठेही ऐकू येतो. धर्मांतरावरच्या कायद्याची गोष्ट निघाली की एक बाजू म्हणते, गहू मिळाला, दुधाची पावडर मिळाली, पोरांना वसतिगृह मिळालं, म्हणून बाटले. दुसरी बाजू म्हणजे आमची मंडळी. ती चिडून यादी वाचते: शाळा कोणी काढल्या, दवाखाने कोणी बांधले, कुष्ठरोग्यांच्या जखमा कोणी धुतल्या. या गदारोळात तिसरा एक आवाज मांडवातून आणि मोबाइलवरून येत राहतो. विश्वासाने हजाराचं बी पेरा, शंभरपट पीक घ्या, कर्ज फिटेल, दारात चारचाकी उभी राहील. हे तिघे एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत, पण तिघांच्या हातात काटा एकच आहे. श्रद्धेतून माणसाच्या पदरात काय पडलं, एवढंच तिघे तोलतात. एक त्याला लाच म्हणतो, दुसरा सेवा, तिसरा आशीर्वाद.

मला हा काटाच खोटा वाटतो. येशूच्या मागे गेलेल्या माणसाची श्रद्धा जोखायची तर त्याच्या मुठीतून काय सुटलं ते बघावं, आणि सुटलं ते कोणाच्या हाती गेलं तेही बघावं. धनाच्या ओढीतून बाहेर पडून दुसऱ्यासाठी जगू लागणं हे या श्रद्धेचं वरकड फळ आहे असं आपण समजतो. माझ्या मते ती तिची नाडी आहे. ती लागत नसेल तर बाकी सगळं, उपासना, गाणी, दशमांश, सोहळे, व्यर्थ आहे. हे सांगायला आमच्या खेड्यांत एक तयार शब्द आहे. तो चर्चमधला नाही, तहसिलीतला आहे. हक्कसोड.

ज्यांच्या घरी शेती नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाप गेला की सातबाऱ्यावर वारस म्हणून मुलांबरोबर मुलींचीही नावं चढतात. मग भाऊ बहिणींना बोलावून घेतो, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेतो आणि हक्कसोडपत्रावर त्यांच्या सह्या घेतो. तलाठ्याकडे फेरफार होतो, बहिणींची नावं जातात. त्या दिवशी बहिणींना साडी घेतात, जेवू घालतात. जबरदस्ती कोणी करत नाही. ‘अमक्याच्या बहिणीने हिस्सा घेतला’ हे वाक्य गावात ज्या सुरात बोललं जातं, तो सूरच पुरेसा असतो. कायदा बहिणीच्या बाजूने आहे. आम्हा ख्रिस्ती लोकांना 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. बाप मृत्युपत्र न करता गेला तर त्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. हिंदू बहिणींना वडिलोपार्जित मिळकतीत भावाइतका जन्मजात हक्क देशभर मिळायला 2005 ची दुरुस्ती यावी लागली. आमच्या बहिणींचा वाटा त्याच्या कितीतरी आधीपासून कागदावर आहे. तरी आमच्या मंडळीतल्या किती बहिणींची नावं आज सातबाऱ्यावर आहेत? मी मोजून पाहिली. एका हाताची बोटंही लागत नाहीत.

माझ्या दोन बहिणींची नावं 2009 मध्ये मीच कमी करून घेतली. वडिलांची साडेसहा एकर, आई आधीच गेलेली, आम्ही तिघं भावंडं. मी गावात राहणारा, शाळेत मास्तर, चर्चमध्ये रविवारची शाळा घेणारा. त्यात मला काहीच वावगं वाटलं नाही. धाकटी सही करताना “राहू दे दादा, तुलेच हाय सारं” म्हणाली, आणि त्या दिवसापासून ती ‘तुझं वावर’ म्हणू लागली, हेही मला कळलं नाही. पुढे 2017 च्या सुमारास समृद्धी महामार्गासाठी थेट खरेदीने जमिनी घेणं सुरू झालं आणि आमची सव्वा एकर त्यात गेली. चार पिढ्यांनी मिळून पाहिला नव्हता एवढा पैसा एका दिवसात खात्यावर आला. मी स्लॅबचं घर बांधलं, चारचाकी घेतली, चर्चला दशमांश दिला. रविवारी पाळकांनी मला पुढे बोलावून माझ्यासाठी प्रार्थना केली आणि मी साक्ष दिली की देवाने मला आशीर्वादित केलं.

त्यानंतर काही महिन्यांनी संध्याकाळच्या प्रार्थनासभेत मी जक्कयाचा उतारा घेतला. लूककृत शुभवर्तमान, अध्याय 19. जकातदारांचा मुखिया, ठेंगणा, येशूला बघायला उंबरावर चढलेला. येशू त्याच्या घरी उतरतो आणि तो उभा राहून म्हणतो, माझं अर्धं धन मी गरिबांना देतो. मी त्यावर बराच वेळ बोललो, चांगलं बोललो. सभा संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ माझ्याजवळ आले. एका मिशन दवाखान्यात जन्मभर वॉर्डबॉय म्हणून राबलेले. म्हणाले, “मास्तर, अर्धं गरिबाईले देलं हे त सारेच सांगतात. त्याच्या पुढचं वाक्य तुमी गडबडीत वाचलं. कोनाचं अन्यायानं घेतलं असन त चौपट वापस करतो, म्हने. ते चौपट कोनाचं होतं?” एवढं विचारून ते बॅटरी लावून घराकडे चालते झाले.

तो प्रश्न मी दीड वर्ष टाळला. माझ्याकडे उत्तरं होती. बहिणींनी राजीखुशीने सह्या केल्या. दोघींच्या लग्नात वडिलांनी खर्च केला होता. मी दशमांश दिला होता. यातलं शेवटचं उत्तर सगळ्यांत घातक होतं, कारण ते धार्मिक होतं. देवाला एक दशांश दिला की उरलेले नऊ स्वच्छ झाले, ही समजूत मला कोणी शिकवली नव्हती. ती माझ्या लोभाने माझ्याच श्रद्धेच्या भाषेत तयार केली होती. धनाचा मोह माणसाला देवापासून दूर ओढतो असं आपण म्हणतो. माझा अनुभव असा की तो देवाच्या घरात पुढच्या बाकावर बसून राहतो. येशूने धनाला देवाच्या शेजारी उभं केलं आणि दोन धन्यांची चाकरी होत नाही असं सांगितलं, त्याचं कारण आता मला कळतं. धन हाही एक धनी आहे, आणि त्यालाही प्रार्थना येते.

प्रेषित पौल फिलिप्पै गावच्या मंडळीला लिहितो की ख्रिस्त देवाच्या बरोबरीचा असूनही ती बरोबरी त्याने धरून ठेवली नाही. त्याने स्वतःला रिक्त केलं आणि दासाचं रूप घेतलं. हे वचन मला पाठ होतं. तहसिलीच्या दारातून ते पाहिलं तेव्हा दिसलं की ही हक्कसोडच आहे. फरक दिशेचा आहे. तिथे ज्याच्याकडे सगळं होतं त्याने ज्याच्याकडे काही नव्हतं त्याच्यासाठी हक्क सोडला. आमच्या गावांत हक्कसोड कायम उलटी होते: बहीण भावासाठी सोडते, विधवा दिरासाठी, मजूर मालकासाठी. आणि तिला आपण त्याग, मोठं मन, खानदानीपणा अशी नावं देतो.

आता मांडवातल्या प्रचारकाकडे येतो. विधवेच्या दोन टोल्यांची, म्हणजे दोन क्षुल्लक नाण्यांची, गोष्ट तो हमखास सांगतो: बघा, गरीब बाईने होतं नव्हतं ते टाकलं, तुम्ही का मागे? मार्कच्या 12 व्या अध्यायात ही गोष्ट जिथे सुरू होते त्याच्या अगदी वरची वाक्यं तो वाचत नाही. तिथे येशू सांगतो की शास्त्र्यांपासून सांभाळा, ते विधवांची घरं गिळतात आणि लोकांना दिसावं म्हणून लांबलचक प्रार्थना करतात. लगेच ती विधवा येते आणि आपली सगळी उपजीविका पेटीत टाकते. पुढचा अध्याय उघडतो तेव्हा येशू त्याच मंदिराबद्दल म्हणतो की इथे दगडावर दगड राहणार नाही. मग ही गोष्ट वर्गणी गोळा करण्याची आहे, की गिळल्या गेलेल्या घराची? ‘बी पेरा’ ही भाषा शेतकऱ्याला का भुरळ घालते ते मी जाणतो. जून महिन्यात उधारीचं बियाणं मातीत टाकून आभाळाकडे बघणं हाच त्याचा धंदा आहे. त्या माणसाच्या उधारीत देवाच्या नावाने आणखी एक उधारी घालणाऱ्याला क्षमा करणं मला जड जातं.

आणि समजा, शंभरपट पीक आलंच. मग? वऱ्हाडाने ते एकदा पाहिलं आहे. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि इथल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. खामगाव, अमरावतीच्या बाजारांत पैसा खेळू लागला. गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या गोष्टी त्याच काळातल्या. युद्ध संपलं, भाव कोसळला, तेजीत काढलेली कर्जं मात्र तशीच राहिली आणि जमिनी सावकाराकडे गेल्या. लूकच्या 12 व्या अध्यायातला शेतकरीही असाच. त्याच्या जमिनीला भरघोस पीक आलं, तो म्हणाला, कोठारं पाडतो, मोठी बांधतो, मग जिवाला म्हणेन, खा, पी, मजा कर. त्याचं बोलणं लक्ष देऊन वाचा. माझं पीक, माझी कोठारं, माझं धान्य, माझा जीव. पेरणारी, निंदणारी, कापणारी माणसं त्या बोलण्यात नाहीतच. देव त्याला मूर्ख म्हणतो. पीक आल्याबद्दल नाही म्हणत. मोबदल्याच्या पैशातून घेतलेल्या गाड्या आमच्या भागात आज अनेक दारांत टायर खाली बसून उभ्या आहेत, त्यांच्यावर कोंबड्या बसतात. माझीही तशीच उभी राहिली असती.

इथे सगळ्यांत वजनदार आक्षेप येतो आणि त्याला मी मनापासून मान देतो. ज्याच्या मुठीत काहीच नाही त्याला मूठ उघड म्हणून सांगणं हा क्रूरपणा आहे. शेतमजुराला, भूमिहीनाला, गावकुसाबाहेर ठेवलेल्याला निःस्वार्थाचं प्रवचन देणं सावकाराच्याच सोयीचं आहे. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखो लोकांना घेऊन जे पाऊल उचललं ते आत्मसन्मानाचं होतं, आणि आत्मसन्मान म्हणजे आपला हक्क न सोडणं. ख्रिस्ती समाजाबद्दल लिहितानाही त्यांनी हा समाज अन्यायाविरुद्धच्या लढ्यात कुठे दिसत नाही असा बोचरा सवाल टाकला होता. तो सवाल अजून उभा आहे. म्हणून मी स्पष्ट लिहितो: भुकेल्याने गहू मागणं हा मोह नव्हे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतच “आमची रोजची भाकर आज आम्हास दे” आहे. 1899-1900 च्या दुष्काळात माझे पणजोबा सहा-सात वर्षांचे असताना मिशनच्या अनाथालयात पोचले. त्यांना भाकर मिळाली. मिळाली म्हणून मी आहे. याची लाज मला वाटत नाही आणि कोणी वाटून देऊही नये.

पण येशूने हक्कसोड कोणाकडे मागितली ते बघा. त्याने श्रीमंत तरुणाला सांगितलं, आहे ते विकून गरिबांना दे. जक्कयाच्या घरी तो उतरायला गेला. आंधळ्या बार्तिमयाला त्याने काय सोडतोस असं विचारलं नाही. तुझ्यासाठी मी काय करावं, असं विचारलं. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय तर जणू आमच्या वावराच्या धुऱ्यावर बसून लिहिला आहे: ज्यांनी तुमची शेतं कापली त्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. कापूस वेचणाऱ्या बायांना बाजाराच्या दिवशी चुकारा न देता ‘पुढच्या बाजारी पाहू’ म्हणणारा शेतकरी ख्रिस्ती असला तर त्याला हा अध्याय कोणी वाचून दाखवतं का?

आणि सरवा. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात आज्ञा आहे की कापणी करताना शेताचे कोपरे काढून घेऊ नका, गळालेला सरवा वेचू नका. तो गरिबाचा आणि उपऱ्याचा. बायबलमधली परदेशी विधवा रूथ बवाजाच्या शेतात वेचते तो हाच सरवा. आमच्याकडे गव्हाच्या, तुरीच्या वावरात कापणीनंतर म्हाताऱ्या बाया येतात, ओटीचा खोळ करून कडेकडेने वाकत जातात, एकेक शेंग, एकेक लोंबी उचलतात. दिवसभराचं ते दोन-तीन पायल्यांच्या आतच असतं. हल्ली हार्वेस्टर आला, सरवा कमी झाला, आणि बाया उभ्या पिकाला हात लावतात म्हणून मालक त्यांना धुऱ्यावरूनच परत पाठवू लागले. मागच्या साली आमच्या चर्चमधल्या दोघांनी पाठवल्या. त्याच दोघांनी कापणीच्या सणात अर्पणाच्या लिलावात एका भोपळ्यावर चढाओढीने बोली लावली. टाळ्या पडल्या. दिलेला पैसा खरा होता, देवाच्याच कामाला गेला, हे मी नाकारत नाही. पण ज्या देण्याला टाळ्या पडतात ते सोपं असतं. धुऱ्यावरून बाईला आत येऊ देण्याला कोणी टाळ्या वाजवत नाही.

लेवीयच्या 25 व्या अध्यायात याहून मोठी गोष्ट आहे: पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ घराण्याकडे परत जावी, कारण देव म्हणतो, जमीन माझी आहे आणि तुम्ही माझ्याकडे उपरे आहात. हे कधी पूर्णपणे पाळलं गेलं का यावर पंडितांनी वाद घालावा. वर्ध्याजवळच्या पवनारच्या विनोबांनी 1951 मध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीपासून जमीन मागत पायपीट सुरू केली तेव्हा त्यांनी तेच म्हटलं की जमीन हवा-पाण्यासारखी सगळ्यांची आहे. भूदानात खडकाळ, वादातल्या, पीक न देणाऱ्या जमिनी पुष्कळ आल्या, हेही खरं. पण म्हणून मागणं चुकलं असं मी मानत नाही. देणाऱ्याची मूठ एका दिवसात उघडत नाही, एवढंच त्यातून दिसतं.

आमिषाच्या आरोपाला मी उडवून लावणार नाही. विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती, तेव्हा 1954 मध्ये मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला नियोगी समिती नेमली गेली. तिचा अहवाल 1956 मध्ये आला आणि त्यात मिशनांवर हाच ठपका होता. त्या समितीत वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयातले एस. के. जॉर्ज हे ख्रिस्ती प्राध्यापकही होते. म्हणजे हा प्रश्न आमच्यातल्या माणसालाही पडला होता, आणि पडायला हवाच. आजाऱ्याच्या खाटेशी औषधाबरोबर अट ठेवणं हे पाप आहे. पण आरोप करणाऱ्यांनी हिशेबाची दुसरी बाजूही उघडावी. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीतला माणूस ख्रिस्ती झाला की त्याच्या सवलती जातात. पुढे 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्यात घेतलं, ख्रिस्ती बाहेरच राहिले. नोकरी, शिष्यवृत्ती, राखीव जागा, सगळं सोडून जो बाप्तिस्मा घेतो त्याला कोणतं आमिष लागलं? काही जण चर्चमध्ये एक नाव आणि दाखल्यावर दुसरं ठेवतात, हे मी जाणतो. त्यांना खोटं म्हणायला माझी जीभ वळत नाही. ज्याने आधीच सगळं गमावलं त्याच्याकडे आणखी हक्कसोड मागायचा अधिकार मला नाही.

दुसरा आक्षेप शेजारचे हिंदू मित्र प्रेमाने घेतात: यासाठी ख्रिस्त कशाला हवा? गाडगेबाबा शेंडगावचे, आपल्या अमरावती जिल्ह्यातले. हातात खराटा आणि गाडगं घेऊन त्यांनी गावं झाडली, लाखोंच्या देणग्यांतून धर्मशाळा उभारल्या आणि स्वतःसाठी झोपडीही ठेवली नाही. तुकडोजी महाराज, आनंदवनाचे बाबा आमटे, तपोवनचे शिवाजीराव पटवर्धन. या मातीत निःस्वार्थाची कमतरता कधी होती? नव्हती, आणि मी हात जोडून मान्य करतो. गाडगेबाबांसमोर आमच्यातला कुठलाही बिशप मला मोठा दिसत नाही. रेव्हरंड टिळकांनीही ख्रिस्ताकडे येताना तुकोबांना मागे टाकलं नाही. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या त्या माणसाने ख्रिस्तावर अभंग लिहिले आणि 1917 मध्ये मिशनची पगारी सेवा सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ मांडला. माझं म्हणणं एवढंच आहे की माझ्यासारख्याला मोहातून बाहेर ओढणारा हात खिळ्याच्या व्रणाचा होता. तुमचा दुसरा असेल. हात कोणाचा यावर भांडत बसलो आणि खड्ड्यातच राहिलो, तर काय उपयोग?

पण ख्रिस्तामुळेच माणूस बदलला याचा दाखला हवा असेल तर तो दूर नाही, वर्ध्यात आहे. जे. सी. कुमारप्पा 1892 मध्ये तंजावरला ख्रिस्ती घरात जन्मले. आधीचं आडनाव कॉर्नेलियस. लंडनमध्ये हिशेबतपासनीस झाले, मुंबईत व्यवसाय मांडला, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले. सुटाबुटातला, यशस्वी, इंग्रजी रीतीने राहणारा माणूस. 1929 मध्ये ते आपला प्रबंध दाखवायला साबरमतीला गांधीजींकडे गेले आणि गांधीजींनी त्यांना गुजरातेतल्या मातर तालुक्याच्या गरिबीची पाहणी करायला पाठवलं. 1934 मध्ये ग्रामोद्योग संघ निघाला आणि कुमारप्पा वर्ध्याच्या मगनवाडीत येऊन राहिले. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, हातसडीचा तांदूळ. ज्या बुद्धीने मुंबईत मोठ्यांचे ताळेबंद तपासले तीच बुद्धी तेल्याच्या घाणीचा हिशेब मांडू लागली. पुढे सेलडोहला त्यांनी शेतीचे प्रयोग केले.

त्यांनी ख्रिस्त सोडला नाही, हे विशेष. जबलपूरच्या तुरुंगात असताना त्यांनी येशूच्या शिकवणीवर पुस्तक लिहिलं आणि गांधीजींनी त्याला प्रस्तावना दिली. सत्याग्रहींवर लाठ्या चालत असताना चर्चचे अधिकारी सरकारच्या बाजूला का, असा जाब त्यांनी 1930 मध्येच विचारला होता. त्यांची हक्कसोड कोणत्या दिशेची होती बघा. ज्ञान, पैसा, प्रतिष्ठा हे सगळं हातात असलेल्या माणसाने ते वर्ध्याच्या धुळीत उतरवलं आणि ज्याच्याकडे काही नव्हतं त्याचा हिशेब मात्र पैशापैशाने मांडून मागितला. निःस्वार्थ म्हणजे सगळ्यावर पाणी सोडणं अशी जी भोंगळ समजूत आहे तिला हे उत्तर आहे. स्वतःच्या बाबतीत सोडायचं आणि दुबळ्याच्या बाबतीत कवडीही सोडू द्यायची नाही. आमच्या किती चर्चमध्ये हे नाव कधी उच्चारलं जातं?

याउलट आम्ही काय सांभाळत बसलो? मिशनरी गेले, बंगले, कंपाउंड, प्लॉट मागे राहिले. त्यांच्यावरून खटले चालू आहेत, एकाच मंडळीचे दोन गट दोन वकील धरून बसले आहेत. जे लोक आपला देश, आयुष्य मागे ठेवून अचलपूरजवळ कोठाऱ्यासारख्या ठिकाणी कुष्ठरोग्यांमध्ये येऊन राहिले, त्यांची यादी आम्ही भाषणात वाचतो. तो त्यांच्या सोडण्याचा इतिहास आहे. तो आमच्या नावावर कसा जमा होतो? वारशात आम्ही बंगला घेतला आणि सोडणं घेतलं नाही.

दीड वर्षाने मी थोरल्या बहिणीकडे गेलो. ती कापूस वेचून नुकतीच आली होती, बोंडांच्या टोकांनी बोटं ओरखडलेली, पाण्यात हात बुडवून ओट्यावर बसली होती. मी सांगितलं की सव्वा एकराच्या पैशात तुझा तिसरा हिस्सा होता आणि वावरात अजून आहे. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “तू मागतलं, म्या सही केली. माहेर तुटू नाई म्हनून केली बापू. त्या साली पोराच्या अ‍ॅडमिशनले पैसे पायजे होते. पन मागाव कसं?” मी गाडी विकली, थोडं कर्ज काढलं, तिचा वाटा तिला दिला. चौपट नाही जमलं, एकपटच दिला. उरलेल्या सव्वापाच एकरांतला तिचा हिस्सा तिच्या नावे करायला गेलो तेव्हा दस्त लिहिणाऱ्याने सांगितलं की हक्कसोड एकदा नोंदली गेली, आता बक्षीसपत्र करावं लागेल. तिचंच तिला परत द्यायचं आणि कागदावर त्याला बक्षीस म्हणायचं. तो शब्द तिने बोट ठेवून वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि सही केली.

धाकटीचं काम अजून व्हायचं आहे. तिच्या वाट्याचा पैसा घराच्या भिंतींत गेला आहे आणि भिंत विकता येत नाही. सोयाबीन निघालं की एक हप्ता आणि तूर निघाली की एक, असं ठरवलं आहे. यंदा सोयाबीन हमीभावाच्या खाली विकावं लागलं, हप्ता लहान झाला. ती दर वेळी “राहू दे दादा” म्हणते. मी आता ते शब्दशः घेत नाही. मागच्या महिन्यात हप्ता पोचल्याचं सांगायला तिचा फोन आला. पैशाचं बोलून झाल्यावर ती थोडी थांबली आणि म्हणाली, “दादा, आपल्या वावरात अवंदा तूर कशी हाय?”